बांगडीवाली टिटवी

तेहतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना काय आलं ते पोरं जाणोत, माझ्या डोळ्यांना मात्र एक खोड लागली. रंग कुठे झाकलेला दिसला की मला राहवत नाही. या खोडीपायी एका टिटवीचा पाय जायची वेळ आली होती.

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. जरीपटका भागातल्या आमच्या घरी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. तिला मी चित्रकलेत दोनदा काठावर पास केलं होतं, आणि ती आता टिटव्यांवर पीएचडी करत होती. तिला मदतीला माणूस हवा होता. अटी दोनच, हात स्थिर असावा आणि माणूस दिवसभर रिकामा असावा. दुसऱ्या अटीत मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

तिचा प्रश्न सोपा होता. पक्षी ओळखू यावा म्हणून अभ्यासक त्याच्या पायात रिंगा घालतात. कुठला जगला, कुठला मेला, हे त्यावरून कळतं. पण ती रिंगच त्याला नडत असेल तर? म्हणून ती काही टिटव्यांना रिंगा घालून सोडायची, काहींना नुसतं लांबून पाहायची, आणि दोन्हींची तुलना करायची. वनखात्याचा परवाना होता, त्यात मदतनीस म्हणून माझं नाव होतं. ते पान मी बायकोला तीनदा दाखवलं.

आमचं काम चालायचं शहराच्या टोकाच्या एका लेआउटवर. शेत मोडून प्लॉट पाडलेले, मुरमाचे रस्ते घातलेले, घर एकही नाही. टिटवी अंडी घालते मुरमावर, आणि किडे टिपायला उतरते मधल्या काळ्या मातीत. तिथे टिनाच्या खोलीत राखण करणारी एक बाई राहायची. वयानं माझ्याएवढीच. मी तिला ताई म्हणायचो, ती मला मास्तर.

विद्यार्थिनीनं महिनाभर मला शिकवलं. एका पायात नंबराची धातूची रिंग, दुसऱ्यात रंगीत प्लास्टिकच्या दोन. सगळ्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर. हा सांधा आपल्याला गुडघा वाटतो, पण तो असतो घोटा, हेही तिनं सांगितलं. मग हिवाळ्यात ती पंधरा दिवस परगावी गेली आणि जाताना म्हणाली, "सर, मी सांगितलं तसंच करा."

मी तसंच केलं, फक्त थोडी सुधारणा केली. सांध्याच्या वर रिंग घातली की पोटाची पिसं तिच्यावर येतात. दुर्बिणीतून लाल रंग अर्धा दिसायचा, पिवळा कधी कधी दिसायचाच नाही. सांध्याच्या खाली घातल्या तर कसा पाय उघडा, लांबसडक, कॅनव्हाससारखा. मग सकाळी ताई जाळं धरायची आणि मी रंगीत रिंगा खाली घालायचो. त्या पंधरा दिवसांत पाच टिटव्या केल्या. लाल-पिवळ्या रिंगांची एक, आमची लाल-पिवळी, तर रस्त्यावरून स्कूटर न थांबवता ओळखू यायची. विद्यार्थिनी परत आली ती थेट लिखाणाला बसली. मी तिला नुसतंच कळवलं, पाच झाल्या, छान दिसतात.

मार्चमध्ये तीन दिवस अवकाळी पाऊस झाला, गारांसकट. मग ऊन पडलं. आठवड्यानं मी गेलो तर ताई खोलीबाहेर गोवऱ्या उलट्या करत होती.

"मास्तर, तुमची ते बांगडीवाली लंगडून राहिली."

"पक्षी एका पायावर उभे राहतात, ताई. ती त्यांची सवय असते."

"एका पायावर उभं राहणं अन् एका पायावर चालणं, एकच हाय का?"

मी दुर्बीण लावली. लाल-पिवळी मुरमावर अंड्यांवर बसली होती. उठून चालली तेव्हा पाहिलं, रिंगांच्या जागी लिंबाएवढा काळा गोळा. आमच्या काळ्या मातीचा गुण कुणाला सांगायला नको. ओली असताना चपलेला धरते आणि सुकली की दगड होते. दोन रिंगांच्या फटीत ती भरली होती, उन्हानं आवळली होती, आणि खालचा पंजा सुजून जाड झाला होता.

तेव्हाच फोन करायला पाहिजे होता. पण विद्यार्थिनीला सांगायचं म्हणजे रिंगा खाली का घातल्या तेही सांगायचं. मी ठरवलं, गुपचूप धरू, गोळा काढू, सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी टॉवेल आणि छत्री घेऊन गेलो. छत्री नरासाठी होती, कारण टिटवीचा नर डोक्यावर झेप घेतो आणि माझ्या डोक्यावर आता झाकायला काही नाही. नरानं छत्रीच्या खालून येऊन टकलावर पंख मारला. मी टॉवेल फेकला तो बाभळीत अडकला. मादी लंगडत लंगडत पुढे, मी वाकून मागे, असं आम्ही चार प्लॉट फिरलो.

ताई कंबरेवर हात ठेवून पाहत होती. "काहून गा मास्तर, लग्नाचे फेरे घेऊन राहिले का?" मग तिचा आवाज बदलला. "तिकडं अंडे उन्हात उघडे पडले. तुमी इथं नाचान तोवर उकडून जातीन. निघा आधी."

मी निघालो. रस्त्यावर येऊन विद्यार्थिनीला फोन केला, फोटो पाठवला.

"सर, रिंगा खाली कशा आल्या?"

"वर घातल्या की रंग झाकला जातो. पिवळा तर दिसतच नव्हता."

"नसता दिसला तर मी आणखी तासभर बसले असते." मग विचारलं, "अशा किती?"

"पाच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त सांगितलं, काय काय आणायचं ते.

अंड्यांवर जाळीची चौकट लावायची, मादी आत येऊन बसली की दोरी ओढायची. पण धडपडीत अंडी फुटू नयेत म्हणून तेवढ्यापुरती लाकडी अंडी ठेवायची. लकडगंजच्या एका सुताराकडून मी चार अंडी करून आणली आणि रंगवायला बसलो. करड्या रंगाचा हात, त्यावर काळे ठिपके. ठिपक्यांत मी इतका रमलो की विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली तेही कळलं नाही. "सर, ती मार्क द्यायला येणार नाही, बसायला येणार आहे."

सकाळी सातला खरी अंडी कापसात गुंडाळून ताईच्या खोलीत ठेवली. मादी वीस मिनिटांत आली आणि माझ्या चित्रकलेवर बसली. दोरी विद्यार्थिनीनंच ओढली.

पाय कोमट पाण्यात धरला तरी गोळा सुटेना. बोटानं चोळत चोळत तिनं तो उतरवला, मग बारीक पकडीनं रिंगा कापल्या. खाली कातडी सोललेली, लालभडक. तिनं पंजाला हळूच चिमटा घेतला. बोट आखडलं.

"जीव आहे पायात," ती म्हणाली.

"आता वर घालायच्या का रिंगा?" मी विचारलं. विचारल्याबरोबर कळलं की विचारायला नको होतं.

"आता काहीच नाही." तिनं नंबराची रिंगही काढली. "हिला जाऊ दे सर. माझ्या यादीतून गेली ही."

खरी अंडी परत ठेवून आम्ही खोलीत बसलो. मादी येईना. ताईनं चहा केला, तो निवला. ऊन मुरमावर चढू लागलं. पाऊण तासानं मादी आली, अंड्यांभोवती फिरली आणि बसली. ताईनं चहा पुन्हा गरम केला.

उरलेल्या चारपैकी दोन पुढच्या आठवड्यात सापडल्या, त्यांच्या रिंगा काढल्या. दोन दिसल्याच नाहीत. मी म्हणालो, गेल्या असतील दुसऱ्या लेआउटवर, टिटवीला काय, पंख आहेत. विद्यार्थिनीनं वही माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "तुमच्या हातानं लिहा." मी लिहिलं : रिंगा मी सांध्याखाली घातल्या, वर घालायला सांगितलेलं असूनही. दोघी सापडल्या नाहीत. मेल्या की गेल्या, माहीत नाही. शेवटचं वाक्य मला खोडायचं होतं, तिनं खोडू दिलं नाही. त्या पाचही टिटव्या तिनं हिशेबाबाहेर ठेवल्या आणि का ठेवल्या, याचं एक पान प्रबंधात घातलं. वर्षभराचं काम तेवढं लंगडं झालं. मला तिनं कामावरून काढलं नाही, पण पकड परत माझ्या हातात दिली नाही. आता मी लांबून पाहतो आणि लिहितो.

एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. "तीन पिल्लं निघाले. एक अंडं वाया गेलं."

"आई चालते का नीट?"

"लंगडते अजून. पण काल कुत्रं आलं तं अशी धावली का विचारू नका."

मी म्हटलं, येतो पाहायला.

"या. पण छत्री घरी ठेवून या, बाप्पा."