खिळ्यावरचा पेला

पुंजाराम मूळचा हरसूलकडचा, बौद्धाचा. पंच्याहत्तरच्या सुमाराला नाशकात एका सरकारी कचेरीत शिपाई लागला. कचेरीत माठ एकच, पण पुंजारामचा पेला निराळा, खिडकीच्या खिळ्याला टांगलेला. कोणी वरून ओतलं तर प्यायचं, नाहीतर बाहेरचा नळ आहेच.

एका उन्हाळ्यात अंगात ताप होता. ओतायला कोणी उठेना, म्हणून त्यानं स्वतःच पेला माठात बुडवला. हेडक्लार्क जयरामभाऊंनी सगळ्यांदेखत माठ फोडला.

"अर्ज करा," बायको लताबाई म्हणाली.

"अन् मला कायम करायचा कागद कोणाच्या टेबलावर हाय? त्याच्याच! उद्या घरी बसवलं तर पोरांला काय अर्ज खाऊ घालशील?"

जीपचा ड्रायव्हर हारुन मात्र जाणता. म्हणाला, "पुंजाभाऊ, अर्ज कचेरीच्या मार्फतच द्यावा लागतो. पण एक प्रत सरळ वरच्या कचेरीला रजिस्टरनं टाक. इथं पुरला तरी तिथं उगवंल. तारीख लिही, कोण काय बोललं ते लिही. शिव्या लिहू नको. अन् इथं पोच घेतल्याबिगर हलू नको."

शेवटी पुंजारामनं एक प्रत पोस्टात टाकली अन् पावती खिशात ठेवली. दुसरी प्रत घेऊन तो आवकच्या टेबलापुढं उभा राहिला. तिथं बसलेले जयरामभाऊच.

वाचता वाचता ते हसले. "पुंज्या, माझ्यावरचा अर्ज माझ्याच हातात देतोस? लय शाना झाला रं!"

'चुकलं, भाऊसाहेब' पुंजारामच्या अगदी जिभेवर आलं. पण पोस्टाची पावती खिशात होती. मागं फिरायला वाटच राहिली नव्हती.

"पोच द्या, भाऊसाहेब," एवढंच कसंबसं निघालं.

शिक्का असा आपटला, की तो दचकला.

पुढं कितीतरी दिवस जीप थांबली तरी त्याला वाटे, आलाच आपल्याला घरी बसवायचा हुकूम. जेवण जाईना. एक दिवस चौकशीचे साहेब आले. माठ फुटलेला कचेरीत कोणीच पाहिला नव्हता म्हणे. एकटा हारुन म्हणाला, "मी पाहिला, साहेब."

मग वरून हुकूम आला. वेगळा पेला बंद, खिळा उपटा. नवा माठ आला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक टेबलावर घरून आणलेला फिरकीचा तांब्या. माठाकडं कोणी फिरकेना. पिणारे दोघंच, हारुन अन् पुंजाराम. पाणी गार होतं. पण पिताना पुंजारामची नजर जयरामभाऊंच्या टेबलावर जायची. कायम करायचा कागद अजून तिथंच पडून होता.