दोन्ही पंगतींत नसलेली मुलगी

वनिताची दातखीळ बसली होती. पळीचा दांडा दातांत सारायला गेले, तर तो आत जाईना. डोळे उघडे होते, पण बुबुळं वर गेली होती. हातपाय झटकून झाले होते आणि आता ती स्वयंपाकघराच्या पायरीवर ओंडक्यासारखी पडली होती. अष्टमीची संध्याकाळ. देवीची आरती नुकतीच झाली होती, मगरिबची अजान व्हायची होती. मुमताज खजुरांची ताटली हातात धरून उभी होती.

मी तिच्यावर ओरडले. "काल रोजा सोडताना हिला काय खायला दिलंत?"

"आम्ही?" मुमताज म्हणाली. "मावशी, ती आमच्यात कुठे असते? ती तर नवरात्र धरते ना."

मागून नवरात्र धरलेली सुरेखा म्हणाली, "नाय गो. ती आमच्यात नाय. ती तुझ्यासंगती रोजे धरते."

त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी वनिताचा हात उचलला. बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या.

तेव्हा मला कळलं. घट बसले त्या दिवसापासून या मुलीच्या पोटात अन्न नव्हतं. आणि त्या मेसची स्वयंपाकीण मी होते.

महाडला मुलींच्या हॉस्टेलमध्ये मी बरीच वर्षं स्वयंपाकाला होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हॉस्टेलात पोलादपूरच्या डोंगरातल्या मुली असत, महाडच्या आसपासच्या गावांतल्या मुसलमान मुलीही असत. मेसमध्ये पंगतीला लाइन म्हणायचे. एरवी एकच लाइन. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, तेव्हा दोन-तीन वर्षं नवरात्र आणि रमजान एकत्र आले. मग मी तीन लाइनी केल्या. साधी लाइन, उपासाची लाइन आणि रोज्याची लाइन. उपासाच्या मुली दुपारी खाली बसून वरीचे तांदूळ, बटाटा खायच्या. रोज्याच्या मुलींचं पहाटेचं आणि संध्याकाळचं जेवण मी डब्यात भरून द्यायचे. त्या वरच्या खोलीत एकत्र बसायच्या. कोण किती खातं ते मला दिसत नसे.

वनिता मला म्हणाली होती, मुमताजसोबत रोजे धरते आहे, माझी भाकरी त्यांच्या डब्यात घाला. मी घालत होते. मला त्यात नवल वाटलं नाही. मैत्रिणीसाठी एखादा रोजा धरणाऱ्या मुली मी पाहिल्या होत्या. मुमताजला तिने सांगितलं, मी नवरात्र करते. डब्यात भाकरी जास्त येते ती मावशींच्या मायेने येते, असं वरच्या मुलींना वाटलं. त्यांनी ती खाल्ली. दोन्हीकडे ती उपाशी असणं चांगलंच समजलं जात होतं. तोंड सुकलं तरी कुणी विचारत नव्हतं.

मुमताज नाते गावची. तिच्या चाच्याचा टेम्पो बाजारात उभा असायचा. तो आला. वनिताला मागे घालून आम्ही दवाखान्यात नेलं. मुमताजने रोजा टेम्पोतच सोडला, एका खजुरावर. बाकीची ताटली सांडली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी मला पळीच्या दांड्यावरून झापलं. असं कुणाच्या दातांत काही घालायचं नसतं, दात मोडून श्वासात गेला असता, म्हणाल्या. मग विचारलं, "कधीपासून जेवली नाही?"

"घट बसल्यापासून."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पाणी?"

पाणी ती पीत होती, भरपूर, असं मुमताज म्हणाली. सुरेखाही आमच्यासोबत टेम्पोत चढली होती. ती हळूच म्हणाली, "मी बघितला तिला पानी पिताना. मला वाटला, आपल्या पोरींना रोज्यात पानी चालत आसल."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. नुसत्या पाण्यावर राहिल्याने अंगातलं मीठ धुऊन गेलं होतं, म्हणून झटका आला. काळीज वेडंवाकडं चालत होतं. आजची रात्र काढली तर बघू.

आमच्या रेक्टर मॅडम आल्या. रेक्टर म्हणजे हॉस्टेल सांभाळणारी बाई. त्यांनी आल्या आल्या मुमताजला धरलं. हिला रोजे धरायला कुणी लावलं? उद्या गावातून माणसं आली तर मी काय उत्तर देऊ? मुमताज भिंतीला टेकून रडत होती. मी मॅडमना म्हटलं, "वनितानं रोजे धरलेलेच नाहीत आणि नवरात्रही नाही. मुमताजला विचारून उपयोग नाही."

"मग केलं काय हिनं?"

ते सुरेखाने सांगितलं. मराठीचे सर तोवर स्कूटरवरून येऊन पोचले होते. सुरेखा त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सर, हिनं त्या सुनंसारखं केलंन."

सर बाकावर बसले.

इथे मला त्या सुनेचं सांगायला हवं. वनिता, मुमताज, सुरेखा तिघी मराठी घेऊन बी.ए. करत होत्या. त्यांना एक जुनं आख्यान अभ्यासाला होतं. आख्यान म्हणजे ओव्यांत रचलेली लांबलचक गोष्ट. दुपारी मुली माझ्याकडे तांदूळ निवडायला बसायच्या आणि ते मोठ्याने वाचायच्या, म्हणून मला सगळं ठाऊक. पाटलाच्या सुनेवर आळ येतो की कणगीतलं भात तिने चोरून माहेरी धाडलं. ती एक शब्द बोलत नाही. उंबऱ्यावर बसते, अन्न सोडते आणि मरते. मग कणगीच्या बुडाशी उंदरांचं बीळ सापडतं. भात सगळं बिळात. सासू, सासरा, नवरा उंबऱ्यावर डोकं आपटून रडतात. आख्यान संपतं.

याचं रसग्रहण लिहायचं होतं. रसग्रहण म्हणजे वाचलेल्यात काय आहे ते आपल्या शब्दांत मांडणं. बाजारात गाईड मिळायचं, त्यात लिहिलेलं होतं की सोशिकता आणि पावित्र्य हा या आख्यानाचा विषय. बऱ्याच मुली तेच उतरवायच्या. मुमताजला ते पटत नव्हतं. ती म्हणायची, ही सोशिक नाही, ही रागावलेली आहे, जन्मभर रडत बसा म्हणून मेली ती. सुरेखाचं वेगळंच. तिने नवऱ्याच्या ओव्या शोधल्या. त्याच्या घोड्याचं वर्णन पानभर होतं आणि बायको मरेपर्यंत त्याच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. ती म्हणायची, घोडा बोलला असता एखाद वेळेस. यावर त्या तासन्‌तास भांडायच्या आणि तांदळात खडे राहायचे. मी म्हणायचे, आधी जेवायचं आणि मग भांडायचं होतं तिनं. त्या हसायच्या.

वनिता भांडत नसे. ती तांदूळ निवडायची.

सरांचंही गाईडशी वाकडं होतं. माणूस चांगला, शिकवायची हौस असलेला. त्यांनी वर्गात सांगितलं, बाहेरून वाचू नका. एकदा तिच्या उंबऱ्यावर बसून बघा, म्हणजे ती का बोलली नाही ते कळेल.

दवाखान्यातल्या त्या बाकावर बसून सर मला म्हणाले, "मावशी, वाचायची एक पद्धत म्हणून म्हटलं होतं मी ते."

"ती बसली, सर," मी म्हटलं.

सकाळी मी पुन्हा गेले तेव्हा ते त्याच बाकावर होते, कालच्याच कपड्यांत.

वनिताने रात्र काढली होती. डोळे उघडले होते. मी घरून मऊ भात, वरण, वर तुपाची धार असा डबा भरून नेला होता. डॉक्टरीणबाईंनी दारातच झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

"हा सगळा डबा आज खाल्ला तर ही मरेल," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की ते शरीराला पेलत नाही, काळीज बंद पडू शकतं. उपाशी माणसाला जेवू घालण्याची वेळसुद्धा धोक्याची असते. चमच्याने थोडं थोडं, त्या सांगतील तेवढंच. माझा जन्म चुलीपुढे गेला. अन्नाने माणूस दगावतं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डबा मी पिशवीत परत ठेवला.

त्या दिवशी चार-चार चमचे पेज पाजताना वनिताने मला सांगितलं. पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर तिची वाडी. चार घरं, म्हशी, शेळ्या. आबाने, म्हणजे वडिलांनी, तिचं लग्न मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाशी ठरवलं होतं. दसऱ्याला आबा तिला न्यायला येणार, सुपारी फुटणार आणि कॉलेज बंद. तिला शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं.

"मग सांगायचं ना त्याला," मी म्हटलं.

"सुनेनं कुठं सांगितलं? तरी शेवटी सगळ्यांना कळलंच ना," ती म्हणाली.

"ती मेल्यावर कळलं गो."

तिने तोंडातली पेज गिळली. मग म्हणाली, "मला मरायचं नव्हतं, मावशी. आबा येईपर्यंत टिकायचं होतं. मला बघून त्यानं विचारलं असतं."

एवढी शिकलेली मुलगी. मी चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले.

दसऱ्याची वाट न बघता आबा त्याच संध्याकाळी आला. निरोप पोचल्यावर डोंगर उतरून, मिळेल त्या गाडीने. उंच, वाळलेला माणूस. अंगाला म्हशींचा वास. रेक्टर मॅडम त्याला हॉस्टेलचे नियम समजावू लागल्या. तो त्यांच्या बाजूने सरळ आत गेला आणि खाटेशी उभा राहिला. आम्ही सगळे तिथेच होतो. सर, मी, मुमताज, सुरेखा.

"काय झाला गो?" त्याने विचारलं.

वनिता बोलेना. मला राग आला. एवढं सगळं ज्या एका प्रश्नासाठी केलं तो प्रश्न आला होता आणि ही पुन्हा गप्प. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी मला हाताने थांबवलं. "तिला बोलू दे," म्हणाले. ते बरोबर होतं.

मग ती म्हणाली, "मला आता लगीन नको. परीक्षा देऊ दे."

आबा बघतच राहिला. "याच्यासाठी?"

"हां."

"म्हस उपाशी आसली तर हंबरते. गोठा डोक्यावर घेते. तू मानूस हायस. बोललीस का नाय?"

"बोलले आसते तर ऐकला आसतास?"

त्याने विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नसावी. "नसता ऐकला," तो म्हणाला. "पन कळला तरी आसता."

आबा खाटेच्या कडेला बसला. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापासून खाली मनगटापर्यंत ओढून आणल्या. हात उचलला की त्या परत मागे जायच्या. तो परत ओढायचा.

लग्न मोडलं नाही. पुढे ढकललं. मुंबईच्या मुलाकडच्यांनी थोडी कुरकुर केली आणि थांबले. वनिताने शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली, मग त्याच मुलाशी लग्न केलं. परीक्षेच्या आधी मुली पुन्हा माझ्याकडे तांदूळ निवडायला बसत. वनिता आता भांडायची. तिचं म्हणणं, सुनेला कुणी विचारलं नाही हे खरं, पण तिनंही एकदा तोंड उघडून सांगायला हवं होतं. मुमताज म्हणायची, सांगून कुणी विश्वास ठेवला असता? तुझा आबा होता म्हणून निभावलं, तिच्या दारात सासरा होता. ते त्यांचं शेवटपर्यंत मिटलं नाही. सर त्यानंतरही आख्यान शिकवत राहिले. पण उंबऱ्यावर बसा असं म्हणायचे नाहीत. उंबऱ्यापर्यंत जा आणि पुस्तक मिटून जेवायला या, असं सांगायचे, असं मुलींकडून कळलं.

मेसमध्ये मी एक बदल केला. रोज्याची लाइनही खाली आणली. पहाटेला मी स्वतः येऊन बसू लागले. मुली कुरकुरल्या, मॅडमही म्हणाल्या, कशाला एवढा त्रास. मी ऐकलं नाही. उपास देवाचा की अल्लाचा ते मी विचारणार नाही. सोडायचा मात्र माझ्या डोळ्यांसमोर. नोकरी सोडेपर्यंत तो नियम राहिला.

आख्यानातली सून मेली, आणि तिच्यावर मुली अजूनही रसग्रहण लिहीत असतील. वनिता जगली.