उलटी लिहिली का?

आमच्या थोरल्या साडूंइतकी परतीची काळजी वाहणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. कुठेही जायचे म्हटले की हे आधी यायचे कसे ते बघतात. लग्नाला गेले तर अक्षता पडण्याआधी बाहेर जाऊन स्कूटरचे तोंड रस्त्याकडे करून येतात. घरातले कपाट हलवायचे झाले तर जुन्या जागेभोवती खडूने रेघा मारतात, आणि त्या रेघा पुसायची त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईला, सक्त मनाई असते. एकदा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी हातात धरून त्यांनी विचारले होते, "ही नाय मानवली तर बाहेर कशी काढायची?" डॉक्टरांनी काय उत्तर दिले असेल ते सांगायला नको. गंमत म्हणजे नेमका तोच शब्द साडूंच्या धंद्यातला सगळ्यात लाडका शब्द होता.

धंदा सॉफ्टवेअरचा. जालना रोडवर खाली टायरचे दुकान आणि वर आम्ही, अशी छोटीशी कंपनी. मला तिथे नोकरी लागली ती साडूंच्याच शब्दावर, त्यामुळे घरी साडू आणि ऑफिसात साहेब असा दुहेरी मार मी बरीच वर्षे खाल्ला. त्यांच्याकडे डेटाबेस होता, म्हणजे सगळ्या माहितीचे कोठार. कोठारातले कप्पे वाढवायचे किंवा बदलायचे झाले की पायथन या संगणकाच्या भाषेत एक लहानशी फाईल लिहितात, तिला मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर, म्हणतात. तिचे दोन भाग असतात. पहिल्यात बदल कसा करायचा ते, आणि दुसऱ्यात केलेला बदल मोडून सगळे होते तसे कसे करायचे ते. हा दुसरा भाग आम्ही सगळेच रिकामा सोडायचो, कारण मागे जातो कोण? साडूंनी त्या भागाचे नाव ठेवले होते 'उलटी'. दिवसातून दहा वेळा त्यांची हाक ऐकू यायची, "उलटी लिहिली का?" सिल्लोडहून नव्याने आलेल्या एका मुलीला त्यांनी पहिल्याच दिवशी भर ऑफिसात "तुझी उलटी कुठंय?" असे विचारले, तेव्हा ती बिचारी पर्स उचलून घरी निघाली होती. मी एकदा जेवत असताना त्यांचा फोन बायकोने उचलला. "त्याला विचार, उलटी झाली का," एवढेच बोलून त्यांनी ठेवून दिला. बायकोने माझ्यापुढचे ताट काढून घेतले, लिंबूपाणी आणून दिले, आणि हे सगळे एका फाईलबद्दल चालले आहे हे तिला पटेपर्यंत सासूबाईंचा दोनदा फोन येऊन गेला.

हा ध्यास कुठून आला, ते त्यांनीच एकदा टपरीवर चहा घेताना सांगितले. साडूंचे घराणे धनगराचे, करमाडच्या पुढे आत माळावर त्यांची छोटी वस्ती. "मायग्रेशन मला कंपनीनं नाय शिकवलं," ते म्हणाले. "आमचा बाप दरसाल मेंढरं घेऊन निघायचा. बायकापोरं, कोंबड्या, तवा, सगळं घोड्यावर. पण निघायच्या आधी माघारी कवा आन कुठल्या वाटंनं यायचं, ते ठरलेलं असायचं. परत येतं त्याला स्थलांतर म्हणावं. परत येत नाय ते नुसतं पळून जाणं." एवढे बोलून त्यांनी बशीतला उरलेला चहा परत कपात ओतला.

मायग्रेशन जसे त्यांचे, तशीच पेरणीही त्यांचीच. नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये सरावासाठी खोटी माहिती भरतात, त्याला इंग्रजीत बियाण्यावरूनच नाव आहे, म्हणून साडू सरळ 'पेरणी' म्हणत. त्यांचा दंडक असा, की दुबार पेरणी केली तरी पीक तेवढेच दिसले पाहिजे, एकाची दोन रोपे होता कामा नयेत. बाहेर दुबार पेरणीच्या बातमीने शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा आणि आमच्याकडे साडू मिटक्या मारत म्हणायचे, "करा दुबार, बघू काय होतंय!" बियाणेही त्यांना अस्सल लागे. आम्ही 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' अशी नावे टाकायचो, ते त्यांना अजिबात खपत नसे. ते वस्तीचे नाव लिहीत, कुटुंबप्रमुख लिहीत, येण्याची खूण लिहीत. पहिली नोंद कायम त्यांच्या स्वतःच्या वस्तीची. खूण, 'बाभळीपासून डावीकडे'. कुटुंबप्रमुख, त्यांचे वडील. फोन, त्यांचा स्वतःचा. मी विचारले, पेरणीच्या फाईलला उलटी का नाही? तर माझ्यावरच खेकसले, "पेरलेलं कुणी उपटतं व्हय?"

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला तेव्हा आमच्याकडे टँकरच्या खेपा आखायचे काम आले. शहर त्याही दिवसांत शेंद्र्याच्या अंगाने वाढतच होते, माळावर प्लॉटचे फलक लागत होते, आणि नळाला मात्र आठवड्याने पाणी. साडूंची वस्ती त्या उन्हाळ्यात ओस पडली. कुणी चिकलठाण्याला कामाला लागले, कुणी मुकुंदवाडीत खोली केली. वडिलांची मेंढरे भाच्याच्या कळपात देऊन साडू त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन आले. "आबा, पाऊस पडला की परत," असा शब्द देऊन. आबा बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहत. जेवण कमी झाले होते. ताई रोज नवे काहीतरी करून वाढी आणि ताट जवळपास तसेच परत येई. मला बघितले की आबा एवढेच विचारत, "ढग दिसला का रं कुठं?" मी नाही म्हणालो की मान फिरवून घेत. मला त्यांच्या घरी जायचे जड वाटू लागले होते.

अशाच एका रविवारी आम्ही तिकडे जेवायला गेलो असताना साडूंचा फोन वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावला. टँकरचा ड्रायव्हर बोलत होता. "साब, बाभूल से लेफ्ट लिया, जगा तो बरोबर मिली. मगर इधर आदमीच नै. पानी कायमें डालूं?"

साडूंच्या लगेच लक्षात आले. आदल्या दिवशी त्यांच्यासमोर संगणकावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाच्या डेटाबेसची आणि एक खऱ्या. पेरणी खऱ्या वावरात झाली होती. 'टेस्ट एक' असते तर खेपा वाटणाऱ्या कारकुनाने हसून सोडून दिले असते, पण एवढ्या अस्सल वस्तीवर शंका घेणार कोण? साडू तोंड उघडणार, एवढ्यात बाल्कनीतून आबांचा आवाज आला, कित्येक दिवसांत ऐकला नव्हता असा खणखणीत. "हौदात सोड म्हणावं! मारुतीच्या मागच्या!"

"हौ, दिख्या दिख्या," ड्रायव्हर म्हणाला आणि फोन बंद झाला.

साडू खाली बसले. त्यांनी कंपनीच्या मालकांना फोन करून चूक सांगितली, बोलणी खाल्ली, लॅपटॉप उघडून कुणाच्या वाट्याची खेप कापली गेली नाही ना ते तपासले, आणि पेरलेल्या सगळ्या वस्त्या एकेक करून हाताने उपटल्या. मान वर केली तर समोर आबा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"चल. पाणी आलंय."

"आबा, ती चूक झाली. ते पाणी खरं नाय."

"खरं नाय म्हंजी? ओलं हाय का नाय?"

साडू आणखी टँकर येणार नाही म्हणाले, तर आबा म्हणाले, "एका म्हाताऱ्याला हौदभर पाणी पाऊस पडंस्तवर सरत नाय." खायचे काय म्हणाले, तर ताई तोवर आत पिठाचा डबा भरू लागली होती. ताई रडत होती आणि हसतही होती. शेजारच्या वाडीतल्या एका नातलगाने रोज चक्कर टाकायचे कबूल केले आणि मग मी गाडी काढली.

हौद खरोखर भरलेला होता. आबांनी वाकून ओंजळीने पाणी घेतले, तोंडावर मारले आणि तिथेच मारुतीच्या देवळाला टेकून बसले. ताईने दिलेली भाकरी त्यांनी आमच्यादेखत सगळी खाल्ली. साडू बघत उभे होते. ऊन उतरायला लागले तसे ते खाकरून म्हणाले, "येतो आबा."

"येतो म्हणूनच समदे गेले रं हितनं," आबा म्हणाले. "तू कवा येतो, ते सांग."

आम्हा सगळ्यांना ऊठसूट परतीच्या याच प्रश्नाने हैराण करणारा हा माणूस गाडीचे दार धरून नुसता उभा राहिला. साडूंचा मला इतका जिव्हाळा कधी वाटला नव्हता. मग आबा उठले, साडूंना हाताला धरून आत बसवले आणि गाडीचे दार स्वतःच लावून घेतले.

"बरं, जावा," ते म्हणाले. "उजेड हाय तवर करमाड गाठा."