तिला हवा असलेला दाखला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या. ती दाणे परातीत टाकायची, मी तोंडात. "अवो, आमटीला ठेवा की थोडे," म्हणाली. आमटी झाली, जेवलो. पहाटे चूल पेटवायला म्हणून बसली आणि बसल्या जागीच गेली. दुपारपर्यंत मातीही उरकली.

तिच्याबद्दल लिहायचं तर त्या डॉक्टरबद्दल लिहावं लागतं. थू त्याच्यावर, पण लिहावं लागतं.

लग्नाला बारा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. भावकीत बारसं असलं की माझी थोरली वहिनी हिला पाळण्याला हात लावू द्यायची नाही. "तू तिकडं भांडी बघ," म्हणायची. तेव्हा कुणी सांगितलं, मोठ्या शहरातला एक डॉक्टर महिन्यातून एकदा परभणीला येतो, मूल न होणाऱ्यांना फुकट तपासतो. दिवस नामांतराच्या चळवळीचे. पालमहून निघालेली यष्टी कधी परभणीला पोचायची, कधी वाटेतूनच माघारी फिरायची. तरी खेपा केल्या. दरखेपी हिचं रक्त काढायचे, नळ्या घालायचे. ही ओठ दाबून पडायची. माझी तपासणी एकदाच झाली, तीही सगळ्यात शेवटी.

फुकट का, ते मागाहून कळलं. त्याला लेख छापायचे होते. खोलीत काचेचं कपाट, त्यात त्याच्याच लेखांची चोपडी. आल्यागेल्याला दाखवायचा, बाजारात बैलाचे दात दाखवावे तशी. कंपाउंडर तर नुसता भाट. "साहेबांच्या लेखाचा दाखला परदेशातले डॉक्टर आपल्या लेखात देतात," म्हणायचा. "जितके दाखले, तितका माणूस मोठा." बाकावर बायका पोट धरून बसलेल्या, आणि हा दाखले मोजतोय. त्यातल्या एकीची तरी कूस उजवली का, ते कुणी मोजलेलं मी ऐकलं नाही.

हिला दाखला म्हणजे आपला दाखला वाटला. तलाठी देतो, शाळा देते, तसला.

शेवटच्या खेपेला डॉक्टर कागदात बघत म्हणाला, "बाईत दोष नाही. तुमच्यात बीज नाही. उपाय नाही." आणि पुढच्या जोडप्याला हाक मारली.

ही उठेना. "साहेब, तुमचे दाखले लय चालतेत म्हणं. मला बी एक द्या. दोष माझ्यात न्हाई, एवढंच लिवा."

डॉक्टर हसला म्हणून कंपाउंडरही हसला. मी म्हणालो, "चल, यष्टी चुकंल."

मग डॉक्टरनं कपाटातलं एक चोपडं तिच्या हातात दिलं. "घ्या बाई. तुमच्यासारख्यांवरच लिहिलंय."

"माझं नाव हाय का ह्यात?"

"नावं नसतात. आकडे असतात."

तेवढ्यावर ती खूश. घरापर्यंत ते पदराखाली धरून आणलं आणि वहिनीपुढं ठेवलं. "बगा बाई, दाखला आणलाय. दोष माझा न्हाई, ह्यात लिवलंय."

सगळं इंग्रजीत. वहिनीनं उलटंसुलटं करून बघितलं. "वांझेला इंग्रजीत काय म्हणतेत गं?"

ओसरी हसून लोळली. हिनं माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी बैलांना पाणी दाखवायचं म्हणून उठून गेलो. डॉक्टरला मी शिव्या घालतो, पण लपायला त्याच्यापाशी इंग्रजी तरी होती. मला बैल पुरले.

पुढं तिनं विषय काढला नाही. चोपडं पेटीत, लग्नाच्या शालूखाली गेलं. काही वर्षांनी पेपरात त्या डॉक्टरचा फोटो आला, शाल, नारळ, हार. कशाचा सत्कार, तर दाखल्यांचा. दुसऱ्या दिवशी शेतात भाकरी सोडली तर ती त्याच पेपरात बांधलेली, फोटो आतल्या अंगाला, तोंडावर तेल. तिला वाचता येत नव्हतं, माणूस मात्र बरोबर ओळखायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भाकरी-पिठलं घेऊन आली. दुखवट्याच्या घरी पहिला कडू घास दुसऱ्याच्या चुलीचा असतो. भावकीतल्या बाया भोवती बसल्या. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "सवाष्ण गेली, सोनं झालं. कूस तेवढी उजवली न्हाई बिचारीची. खावा भावजी."

मी उठलो. पेटी उघडली, चोपडं काढलं. मागचं पान कोरं होतं. मी चौथी शिकलेला, अक्षर बैल मुतल्यासारखं वाकडं. पेन्सिलीनं वर लिहिलं, दाखला. खाली लिहिलं, हिच्यात दोष नव्हता, माझ्यात होता, मला ठाऊक होतं. खाली सही केली.

मग ओसरीत उभा राहून मोठ्यानं वाचला. वहिनी म्हणाली, "भावजी, आता काय उपेग?"

मी परत पहिल्यापासून वाचला.