चिठ्ठीचे पेशंट

आमच्या दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, हृदयाची एक झडप खराब झाली आहे, असं इस्लामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दादानं पहिला प्रश्न विचारला, "ऊस तुटून गेल्यावर केलं तर चालंल का?"

"ऊस उभा राहील हो, तुम्ही राहणार नाही," डॉक्टर म्हणाले. "महिनाभरात ऑपरेशन करून घ्या."

सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड दादाकडे होतं. गावातल्या शिबिरात सगळेच काढत होते म्हणून त्यानंही काढलं होतं. हे ऑपरेशन त्यात बसतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आता फक्त ते कार्ड घेणारा हृदयाचा डॉक्टर शोधायचा होता. मी साताऱ्यात राहतो, निवृत्त आहे आणि वाचणारा माणूस म्हणून घरात माझी विनाकारण ख्याती आहे. शोधाशोध माझ्याकडे आली.

साताऱ्यात हायवेलगतच्या एका रुग्णालयावर योजनेचा फलक एवढा मोठा होता, की त्याच्यामागे इमारत आहे हे जवळ गेल्यावर कळलं. फलकावर चार पुढारी हात जोडून उभे होते. आजारी माणूस कुठेच नव्हता.

"आम्ही योजनेत आहोत, पण हाडांसाठी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "हृदय नाही."

"हृदय हाडांच्या पिंजऱ्यातच असतं," मी म्हणालो.

"तसं नाही चालत, सर," तिनं मला गंभीरपणे समजावलं.

दुसऱ्या ठिकाणी हृदय होतं, पण हृदयाचे डॉक्टर गुरुवारी पुण्याहून येत. हॉस्पिटल योजनेत होतं, सर योजनेत नव्हते. सरांच्या नावाखाली पदव्यांच्या तीन ओळी होत्या. शेवटच्या ओळीत परदेशातल्या एका परिषदेला हजर राहिल्याचा उल्लेख होता. हजेरीला पदवी म्हणायचं तर मी पहिलीतच पदवीधर झालो होतो. तिसऱ्या ठिकाणी मोठ्या अक्षरात 'कॅशलेस' लिहिलेलं पाहून मी आशेनं आत गेलो. ते खाजगी विम्याबद्दल होतं. 'योजना' हा शब्द मी उच्चारला तेव्हा समोरच्या गृहस्थानं मला खरूज झाल्यासारखी खुर्ची मागं सरकवली.

मी फोन करून दादाला हे सगळं सांगितलं. तो वैतागला. "तू पुस्तकं वाचून येडा झालायस गड्या. असं दारोदार इचारून कुटं काम होतं व्हय? साहेबांची चिठ्ठी घेऊ."

साहेब म्हणजे आमच्या भागातल्या कारखान्याचे अध्यक्ष. उसाला तोड मिळावी म्हणून चिठ्ठी, पोराच्या प्रवेशाला चिठ्ठी, शेतातला ट्रान्सफॉर्मर जळला तर चिठ्ठी. मजकूर ठरलेला: 'सदर व्यक्ती आमच्या अत्यंत निकटची असून…' एवढी निकटची माणसं असलेला गृहस्थ श्वास कसा घेत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. गावात चिठ्ठीशिवाय काम झालं तर लोकांना ते काम कच्चं झाल्यासारखं वाटतं.

साहेबांचा एक कार्यकर्ता आहे. चाळिशीचा, पांढरे कपडे, दोन फोन. तो म्हणाला, "आवं दादा, चिठ्ठी कशाला, सायेब डायरेक्ट फोन लावतील. गाडी बी आपलीच." तर आम्ही सांगलीला साहेबांच्या गाडीतून गेलो. दादानं इस्त्रीचा सदरा, नवी टोपी आणि लग्नात मिळालेली अंगठी घातली होती. पायांना सूज होती म्हणून नव्या चपला मात्र हातात धराव्या लागल्या. मीही त्या गाडीत बसलो होतो आणि गार हवा मला आवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

सांगलीचे डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. भिंतीवर त्यांचे निरनिराळ्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते. हृदयाचा फोटो एकच, तोही औषधाच्या कंपनीनं दिलेल्या कॅलेंडरवर. "साहेबांची माणसं ती आमची माणसं," ते म्हणाले. चहा आला, बिस्किटं आली, स्पेशल रूम सांगून झाली. दादाच्या छातीला नळी लावण्याआधी डॉक्टरांनी साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली.

कार्ड दादाच्या बंडीच्या खिशात होतं. मी त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं कार्ड काढायचं सोडून खिशावर हात घट्ट दाबून धरला.

"दुखतंय का तिथं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, न्हाई. सवय हाय," दादा म्हणाला.

शेवटी मीच बाहेर जाऊन काउंटरवर विचारलं. हे रुग्णालय चक्क योजनेत होतं, हृदयासकट. पण ब्लेझर घातलेल्या बाईंनी संगणकात पाहून मान हलवली. "हे तर साहेबांच्या फोनवर आलेत. स्पेशलची फाइल उघडलीय. योजनेची नोंद पहिल्यापासून वेगळी असते."

"मग ही बंद करा आणि ती उघडा."

"साहेबांच्या पाहुण्यांना मी जनरल वॉर्डात टाकू? डॉक्टर मला ठेवतील का कामावर? साहेबांनी तसा फोन केला तर करते."

म्हणजे पहिला फोन मागं घेणारा दुसरा फोन हवा होता. दादा ऐकेना. "साहेबांस्नी कंच्या तोंडानं सांगायचं? तुमचा शब्द जड हुतोय म्हनून? आन् गावात काय तोंड दाखवू? दादा फुकटच्या वॉर्डात पडलाय म्हनतील." स्पेशल रूम त्याला परवडत नव्हती, जनरल वॉर्ड त्याच्या टोपीला परवडत नव्हता. आम्ही 'दोन दिवसांत येतो' असं सांगून त्याच गार गाडीतून परत आलो.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. दादा उशांना टेकून बसल्या बसल्या झोपू लागला. दारातून गोठ्यापर्यंत जायला त्याला मध्ये एकदा थांबावं लागे आणि थांबल्यावर तो म्हशीकडे काहीतरी बघायचं असल्यासारखं बघे.

मग एका सकाळी वहिनींचा मला फोन आला. "भावजी, उद्या मिरजंला निघायचं. आमच्या बचत गटातल्या बाईच्या मालकाचं तितं झालंय, कार्डावर. तुमी इस्लामपूरच्या स्टँडवर या." दादाचा विचार घेतला का, असं मी विचारलं. "त्यांचा इचार घेऊन घेऊनच ही येळ आलीया," त्या म्हणाल्या.

आम्ही एसटीनं गेलो. दादा घरच्या सदऱ्यात होता, टोपी वहिनींनी पिशवीत घातली होती. मिरजेच्या त्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाबाहेर योजनेचा फलक हातभर होता आणि त्यावरचा रंग उडाला होता. दारातच योजनेचं टेबल होतं. त्यामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कार्ड?" दादानं ते काढून दिलं. घामानं मऊ पडलं होतं. बाईंनी रेशनकार्ड आणि आधार पाहिलं, अंगठा घेतला आणि म्हणाल्या, "रांगेत बसा."

एवढंच. मी आणखी काहीतरी होण्याची वाट बघत तसाच उभा राहिलो. काही झालं नाही.

रांगेत आमच्यापुढं एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी टॉवेलात तोंड घालून एक माणूस. टॉवेल खाली आला तेव्हा तो साहेबांचा कार्यकर्ता निघाला. दोन्ही फोन बंद होते. आईला घेऊन आला होता, एसटीनं. तिच्या हृदयाला आधीच इथं स्प्रिंग बसवली होती, आज तपासणी होती.

वहिनी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "म्हंजी तुमाला ही जागा ठावं हुती?"

"व्हय की वहिनी."

"मग आमाला सांगलीला कशाला फिरवलं?"

तो खरोखरच गोंधळला. "आवं, तुमी चिठ्ठी मागितली. योजनेचं कुनी इचारलं?" मग दादाकडे वळून हळूच म्हणाला, "दादा, गावात बोलू नगा हां. सायबांचा मानूस आसून मी हितं येतो म्हनत्याल."

दादाचा चेहरा त्या महिन्यात पहिल्यांदा खुलला.

इथल्या डॉक्टरांनी चहा विचारला नाही. त्यांच्या खिशाला शाईचा डाग होता आणि भिंतीवर फक्त हात धुण्याच्या सूचना होत्या. "वर झोपा," असं म्हणून त्यांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग विचारलं, "इतका उशीर का केला?"

दादानं माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. "फोन लागत नव्हता," वहिनी म्हणाल्या.

मंजुरी आली आणि ऑपरेशन झालं. बारा खाटांच्या वॉर्डात दादाची खाट खिडकीशी होती, आणि चौथ्या दिवशी तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला खतांबद्दल सल्ला देत होता.

दोन महिन्यांनी मी गावी गेलो तेव्हा दादा कट्ट्यावर टोपी घालून बसला होता. त्याच्या गल्लीतला एक शेतकरी बायकोला घेऊन भेटायला आला होता. चढ चढताना त्यालाही धाप लागू लागली होती. तुमचं कसं जमलं, असं त्यानं विचारलं.

"साहेबांचा एक फोन," दादा म्हणाला. "काम फत्ते."

मी तोंड उघडायच्या आत घरातून वहिनींचा आवाज आला, "व्हय, आन् एसटी बी सायबांनीच हाकली."

दादा हसला, पण शब्द मागं घेतला नाही. तो शेतकरीही उठला. आज साहेब बंगल्यावर असतील, चिठ्ठी घेऊन टाकतो, असं म्हणून निघालाच. बायको त्याच्यामागं निघणार, एवढ्यात वहिनींनी तिला आत बोलावलं, "चा ठेवलाय, पिऊन जा."

चहा ठेवलेला नव्हता. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा दोघी चुलीपाशी बसल्या होत्या, आणि ती बाई बोटांवर पुन्हा पुन्हा घोकत होती: कार्ड, रेशनकार्ड, आधार, मिरज, दारातलं टेबल.