वस्तादांचा व्हरांड्यातला तास

हा लेख मी नाइलाजाने लिहीत आहे. धोंडिबा वस्तादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीकडे चार लेख आले. एकात वस्ताद जाते उचलतात, दुसऱ्यात उधळलेला बैल अडवतात. उरलेल्या दोहोंत ते किती दूध पितात याचीच चर्चा. वस्तादांनी आयुष्यभर जे शिकवले, त्याच्या हे नेमके उलट आहे. त्यांची ताकद बेताचीच. मोठे आहे ते कसब.

मी लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा वर्गामागेच त्यांची तालीम होती. शड्डूंच्या आवाजात कविता शिकवता येईना, म्हणून तक्रार घेऊन गेले. बाईमाणसाने तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही हा रिवाज. वस्तादच उपरणे पांघरून बाहेर आले. "बाई, तुमच्या कवितेच्या वेळंला आमी गुपचूप लढू," म्हणाले. तो शब्द त्यांनी आजवर पाळला आहे.

माझ्या वर्गातली काशी खंडाळ्याहून चालत शाळेत येई. एकदा वाटेत कोणा टवाळाने तिचे मनगट धरले. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील गणपतराव, घाटातले रेल्वेचे गँगमन, तिचे नाव शाळेतून काढायला हजर. वस्तादांनी मध्ये पडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि शाळेच्या व्हरांड्यात मुलींना शिकवू लागले. मुलीचे मनगट त्यांनी कधी धरले नाही. स्वतःचे पुढे करत, "धरा जोरात" म्हणत आणि हात अलगद काढून घेत.

नवव्या दिवशी गणपतराव आले. "वस्ताद, भाकरी थापायचं बळ न्हाई हिच्यात. डाव कसले शिकवता?"

"बळ न्हाई म्हनूनच डाव. धरा मनगट. सुटली तर शाळा."

"आन् न्हाई सुटली तर?"

"तर घेऊन जावा."

रूळ उचलणारा हात तो. काशी कळवळली. मला राहवेना. "ओढ, काशी, ओढ!" मी ओरडले. तिने ओढले; पकड आणखीच आवळली.

"बाई, तुमी कविता शिकवा," वस्ताद म्हणाले. "काशे, ओढायचं न्हाई. अंगठा आन् बोटं जुळत्यात तितं फट हाय. म्होरं पाऊल टाक आन् फटीकडं मनगट वळव."

मनगट सुटले. गणपतराव रिकाम्या मुठीकडे बघत राहिले, मग खो खो हसले. "पुन्यांदा!" तीनदा धरली, तीनदा सुटली. "आता ही घरात कुनाचं ऐकायची न्हाई," असे पुटपुटत ते एकटेच परत गेले.

"ओढ" म्हणून ओरडले ती चूक माझी होती, हेही येथे लिहून ठेवते.

वस्तादांचे गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षे लाल मातीत उतरू देवोत, आणि त्यांची नाडी धरण्याचे काम कोणा वैद्याला न पडो.

शेवटी नोंद. व्हरांड्यातला तास, जो त्या दिवसानंतर दर शनिवारी चालू राहिला, तो वस्तादांनी त्याच काशीकडे, म्हणजे आता आमच्या शाळेच्या शिक्षिका काशीबाई यांच्याकडे, आज सोपवला. तासासोबत, मुलींनी पकड सोडवून बघण्यासाठी, गणपतराव. वयस्क, पकड शाबूत. दोन्ही मिळाले, अशी काशीबाईंची पोच.