हँडब्रेकवाली गाडी

आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळात दर वर्षी एक परिसंवाद होतो. परिसंवाद म्हणजे तिघांनी आपापली आधीच पक्की झालेली मतं शाळेच्या कॅफेटेरियात माइकवरून सांगायची आणि बाकीच्यांनी जेवण किती वाजता आहे ते एकमेकांना विचारायचं. त्या वर्षीचा विषय होता, ज्यांच्याकडे या देशात राहायचे कागद नाहीत त्यांना ड्रायव्हिंग लायसन्स द्यावं की नाही. राज्यात तो कायदा येऊ घातला होता आणि आमच्यातल्या प्रत्येकाला एकाएकी मत फुटलं होतं. मी विरोधात बोललो. पाच मिनिटं दिली होती, मी अकरा घेतली.

माझा सगळा भर रांगेवर होता. आम्ही रांगेत उभे राहिलो, अजून उभे आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत माझे केस पिकले, आणि रांग मोडून आलेल्यांना सरकार लायसन्स वाटणार, असं बरंच काही. अध्यक्षस्थानी निवृत्त डॉक्टर काका होते. ते पन्नास वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा रांगच नव्हती, त्यामुळे त्यांना माझं म्हणणं फार पटलं. टाळ्या बऱ्या पडल्या. मग मी जेवणाच्या टेबलाशी गेलो आणि पोळ्या वाढणाऱ्या मावशींनी माझ्या ताटात दोन जास्तीच्या टाकल्या.

"आवाज छान आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या.

या मावशी साताऱ्याकडच्या. भाचीच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिन्यांसाठी आल्या आणि राहिल्या. तिकडे मागे कोणी उरलं नव्हतं म्हणे. भाची पुढे टेक्ससला गेली. मावशी एका घराच्या बेसमेंटमध्ये राहून आमच्या पन्नासेक घरांना पोळ्या, भाज्या आणि सणाला पुरणपोळी स्वतः गाडी चालवत पोचवत होत्या. त्यांच्याकडे कागद नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही माणसाला पगार विचारतो, घर केवढ्याला घेतलं ते विचारतो, लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल का नाही तेही विचारतो. पण मावशींना व्हिसा कोणता, हे आठ वर्षांत कोणी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं तर पोळ्या कोणाकडून घ्यायच्या होत्या? तेव्हा अकरा मिनिटं मी कोणाबद्दल बोलत होतो, तर टीव्हीवर दिसतात त्या लोकांबद्दल. मला खरंच तसं वाटत होतं, ही यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे.

कायदा झाला, यथावकाश लागूही झाला. एका शनिवारी मावशी पोळ्यांचा डबा दिल्यावर लगेच गेल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लेखी परीक्षा पास झाले, शिकाऊ परमिट मिळालंय, आता तीन महिने शेजारी लायसन्सवाला माणूस बसवून सराव करायचा आणि मग गाडीची परीक्षा. मी अभिनंदन केलं. मग त्या म्हणाल्या, शेजारी तुम्ही बसाल का, आणि परीक्षेला गाडी तुमची मिळेल का.

मी गडबडलो. परिसंवादाला त्या होत्या की. मी म्हटलं, मावशी, इतकी घरं आहेत, मीच का? त्यांनी मागे वळून ड्राइव्हवेकडे बोट दाखवलं. परीक्षेच्या गाडीला शेजारी बसलेल्या परीक्षकाच्या हाताला येईल असा हँडब्रेक हवा, असं त्यांना कोणीतरी पक्कं सांगितलं होतं. मावशींच्या जुन्या गाडीत तो पायाशी होता, आणि आमच्या लोकांच्या झाडून सगळ्या गाड्या नव्या, त्यात ब्रेक म्हणजे कुठेतरी एक बटण. काहींच्यात तर ते कुठे आहे हे मालकालाच माहीत नाही. मधोमध ओढायचा हँडब्रेक उरलेली गाडी अख्ख्या मंडळात एकच होती, आणि ती माझी. या गाडीवरून बायकोने माझी किती वर्षं अब्रू काढली होती ते मी सांगत बसत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी त्या गाडीकडे आदराने पाहिलं, आणि मी त्या भरात हो म्हणून बसलो.

"बाबा, दॅट्स सो हिपोक्रिटिकल," लेक म्हणाली. तिने माझं भाषण फोनवर रेकॉर्ड केलेलं होतं.

मग दर रविवारची सकाळ मावशींची झाली. शिकवायला म्हणून बसलो होतो, पण शिकवण्यासारखं काही नव्हतं. इतकं शिस्तीत गाडी चालवणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. पंचवीस मैल वेगमर्यादेच्या रस्त्यावर पंचवीस, सव्वीस नाही. स्टॉपच्या पाटीला पूर्ण थांबणार, मनात तीन आकडे मोजणार. समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जाऊन डावीकडे वळायचं नको म्हणून उजवीकडे तीनदा वळणार. पोलिसांची गाडी कोणत्या पुलाखाली किती वाजता उभी असते हे त्यांना तोंडपाठ होतं. मी दोन वेळा म्हटलं, मावशी, जरा दाबा की, मागचा वैतागलाय. त्या म्हणाल्या, त्याला काय, त्याच्या खिशात लायसन्स आहे.

चौथ्या का पाचव्या रविवारी मी शेवटी ते विचारलं. आठ वर्षं निभावलंत, कोणी धरलं नाही, मग आता सरकारदरबारी नाव-पत्ता द्यायची जोखीम कशाला? त्यांनी आधी गाडी एका बंद दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये नेऊन उभी केली. चालवताना त्या बोलत नसत.

दोन वर्षांपूर्वी सिग्नलला उभ्या असताना मागून एक गाडी येऊन आदळली होती. चूक त्यांची नव्हतीच, त्या लाल दिव्याला थांबलेल्या. आरशात पाहिलं तर मागचा म्हातारा गृहस्थ दार उघडून उतरत होता आणि त्याने कपाळाला हात लावला होता, हाताला रक्त. दिवा हिरवा झाला. मावशींनी गाडी काढली. बंपर लोंबकळत, रस्त्याला घासत, त्या घरी पोचल्या आणि दोन दिवस पोळ्या केल्या नाहीत. आम्हाला कळवलं की अंगात कणकण आहे. माझ्या घरी तेव्हा ब्रेड खाल्ल्याची आठवण मला आहे, आणि त्यावरून मी कुरकुर केली होती तीही.

"म्हातारा माणूस होता, दादा. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "गाडी चालवायला मला लायसन्स नको. चालवतेच की मी. मला थांबता यायला हवं."

अकरा मिनिटांच्या भाषणात याला उत्तर नव्हतं. घरी येऊन लेकीला सांगितलं की ते रेकॉर्डिंग काढून टाक. ती नाही म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती, वर कोट, आणि पायात स्पोर्ट्स शूज. नापास झाले तर पुन्हा यायचं बळ नाही, असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या. मी मात्र मजेत होतो. गाडी धुतली होती, हँडब्रेकवर फडका मारला होता. परीक्षक बाई हातात कागद लावलेलं पॅड घेऊन आल्या. हँडब्रेक पाहून मान डोलावली. मावशींचं परमिट पाहिलं, ठीक. मग मला म्हणाल्या, सोबतच्या ड्रायव्हरचं लायसन्स. मी ऐटीत काढून दिलं.

त्यांनी ते पाहिलं, उलटून पाहिलं आणि परत दिलं. ते संपून तीन आठवडे झाले होते.

याचं असं आहे, की व्हिसावर असलेल्या माणसाचं लायसन्स व्हिसाच्या तारखेलाच संपतं. माझ्या व्हिसाची मुदतवाढ सरकारकडे पडून होती. वकिलाने कळवलं होतं की अर्ज पेंडिंग असेपर्यंत राहा, नोकरी करा, काही काळजी नाही. मी काळजी केली नाही. लायसन्सबद्दल त्याने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तीन आठवडे मी स्टेशनला, मंडळाच्या मीटिंगला, देवळात, बेधडक विनालायसन्स गाडी हाणत होतो. वर स्पीड लिमिटला फाट्यावर मारून.

परीक्षक बाईंनी परीक्षा रद्द केली. मावशींनी परमिट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी तीन महिने या दिवसाची वाट पाहिली होती आणि तो दिवस मी घालवला होता, नियमांवर तोंड वर करून बोलणाऱ्या माणसाने. माफी मागितली. मग त्या शरमेतच मूर्खासारखा म्हणालो, चला, बसा, मी चालवतो, इथून घरापर्यंत कोण बघतंय?

"नको, दादा. लायसन्स नसताना गाडी चालवू नये," मावशी म्हणाल्या. "मला आठ वर्षं दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी चालवली. तुम्हाला बायको आहे. फोन करा."

बायको ऑफिसातून कॅब करून येईपर्यंत आम्ही दोघं पार्किंग लॉटच्या कडेला बसलो. मावशींनी डबा आणला होता, पास झाल्यावर खायचा म्हणून. गुळाची पोळी होती, वर तुपाची वेगळी डबी. खाताना त्यांनी मला विनालायसन्स माणसाने रस्त्यावर कसं असावं ते शिकवलं. पोलीस दिसला तर त्याच्याकडे बघायचं नाही, पण बघायचं टाळतोय असंही दिसू द्यायचं नाही. मागचे दिवे दर आठवड्याला तपासायचे. रेडिओ बंद. बायको आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि माझ्या अपेक्षेपेक्षा कमी बोलली. येताना गाडी मावशींनी चालवली, शेजारी लायसन्सवाली म्हणून बायको बसली, आणि मी मागे, लेकीच्या जागेवर, पायाखाली तिचे फुटबॉलचे बूट.

पुढच्या परीक्षेला बायकोच त्यांच्याबरोबर गेली. मला नेलं नाही. मावशी पहिल्या फटक्यात पास झाल्या. परीक्षक बाई म्हणाल्या म्हणे की एवढं हळू चालवायची गरज नाही.

आता प्रश्न माझा होता. उपाय सोपा होता. नव्या कायद्याने जे साधं लायसन्स निघालं होतं, त्याला व्हिसाचा कागद लागतच नव्हता. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, संपलं. म्हणजे मावशींचं जे लायसन्स, तेच मी काढायचं होतं. मी म्हटलं, मरेन पण ते काढणार नाही, माझी मुदतवाढ येईल आणि मी माझं रीतसर काढीन. बायको म्हणाली, मग चालत जा स्टेशनला. डॉक्टर काकांना फोन केला तर ते म्हणाले, तत्त्वाला धरून राहा. ते स्वतः राहतात स्टेशनपासून दोन मिनिटांवर.

महिनाभर तत्त्वाला धरून राहिलो. या महिन्यात मला रोज सकाळी स्टेशनला कोण सोडत असे? मावशी. त्यांच्या सकाळच्या पोळ्या त्याच वाटेने जायच्या. मागच्या सीटवर गरम डबे, पुढे मी, गाडीत तव्याचा वास, आणि वेग पंचवीस. दोनदा ट्रेन चुकली. तक्रार करायला तोंड नव्हतं.

एका सकाळी स्टेशनच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो आणि मागून धक्का बसला. फार मोठा नाही, पण डबे आपटले. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचे डोळे आरशात होते. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. त्यांचा पाय हलला, मला दिसला. मग त्यांनी इंडिकेटर लावला, गाडी हळूच कडेला घेतली, बंद केली आणि दार उघडून उतरल्या.

मागच्या गाडीत कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, रडत होती. मावशी तिच्या काचेपाशी वाकल्या आणि "आर यू ओके, आर यू ओके" असं विचारत राहिल्या. मुलगी ओके म्हणाली तरी विचारत राहिल्या, तिचं कपाळ निरखून पाहिलं, हात धरून ठेवला. पोलीस आला. त्याने दोघींची लायसन्सं मागितली. मावशींनी पर्स उघडली, काढून दिलं आणि ताठ उभ्या राहिल्या. त्याने पाहिलं, काहीतरी लिहून घेतलं आणि परत दिलं. एवढंच. माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही, आणि मी गाडीत अंग चोरून बसलो होतो, समोर बघत, पण बघायचं टाळतोय असं दिसणार नाही अशा बेताने.

पोलीस गेला, मुलगी गेली. मावशी येऊन बसल्या, किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रडल्या. माझी ट्रेन पुलावरून जाताना दिसली. मी म्हटलं, मावशी, निघायचं का?

"बसू द्या जरा," त्या म्हणाल्या. "आता थांबता येतंय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि सकाळी आठला लायसन्सच्या ऑफिसात गेलो. ज्यांच्याविरुद्ध अकरा मिनिटं बोललो होतो ती माणसं माझ्या आधी येऊन उभी होती. मी त्यांच्या मागे रांगेत उभा राहिलो.